सांधा बघा, मग रिपोर्ट बघा

साठी ओलांडलेल्या बाईंचा गुडघा दुखतो. कुणीतरी सुचवतं म्हणून लॅबमध्ये ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ करून घेतलं जातं. आर.ए. फॅक्टर थोडा वाढलेला, यूरिक अ‍ॅसिड 6.4, ए.एस.ओ. टायटर जास्त. एका कागदावर आमवात, गाउट आणि ऱ्हुमॅटिक फीवर असे तीन आजार दिसतात आणि तिन्हींच्या गोळ्या सुरू होतात. खरं तर त्यांच्या गुडघ्याची झीज झालेली असते, आणि ती ओळखायला यातली एकही तपासणी लागत नाही.

सांधेदुखी ही तक्रार आहे, आजाराचं नाव नाही. तिच्यामागे शंभराहून जास्त आजार असू शकतात. एकात व्यायाम हेच मुख्य औषध असतं, दुसऱ्यात प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागते, तिसऱ्यात त्याच दिवशी सांध्यातला पू काढावा लागतो. ‘वात आहे’ म्हणून विषय मिटवला की हे फरक दिसेनासे होतात. म्हणून आधी सांध्याची नीट चौकशी करायची, रक्ताची नंतर.

याला आकड्यांचा आधार आहे, आणि तोही आपल्याच मातीतला. 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कोपकॉर्ड’ या सांधेदुखीच्या पाहणीसाठी आखलेल्या पद्धतीने घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून जास्त प्रौढांमध्ये सुमारे 18 टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं होतं. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता, म्हणजे दोनशे माणसांत एक. आर.ए. फॅक्टर ही याच आजारासाठी केली जाणारी रक्ततपासणी. आता हजार माणसांचा आर.ए. फॅक्टर सरसकट तपासला तर काय होईल ते बघा. आमवाताचे रुग्ण पाच, त्यातल्या साधारण चौघांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या 995 निरोगी माणसांतही सुमारे 5 टक्क्यांचा, म्हणजे पन्नासेक जणांचा, पॉझिटिव्हच येईल. चोपन्न पॉझिटिव्ह रिपोर्टांत खरे रुग्ण चार. वय वाढलं की हा फॅक्टर नुसताच वाढू शकतो. हेपॅटायटिस सी, क्षयरोग यांतही वाढतो. उलट आमवात असलेल्या दर चार-पाच रुग्णांत एकाचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. तपासणी वाईट नाही. ती कुणाची करायची हे सांध्याकडे बघून ठरवावं लागतं, एवढंच.

दुखतं नेमकं काय

दोन हाडांची टोकं जिथे भेटतात तिथे त्यांच्यावर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. गुडघ्यात त्याची जाडी काही मिलिमीटरच असते. भोवती एक पिशवी, पिशवीला आतून पातळ अस्तर, आणि ते अस्तर वंगणासारखा द्रव तयार करतं. निरोगी गुडघ्यात हा द्रव चमचाभरही नसतो. बाहेरून अस्थिबंध आणि स्नायू सांधा धरून ठेवतात.

कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत आणि मज्जातंतूही नाहीत. म्हणून ती सहज भरून येत नाही, आणि झिजताना स्वतः दुखतही नाही. दुखतं ते खालचं हाड, सुजलेलं अस्तर, ताणलेली पिशवी आणि थकलेले स्नायू. एक्स-रेमध्ये गुडघा पार झिजलेला दिसणारा माणूस आरामात चालतो, आणि जेमतेम झीज असलेला रात्रभर कण्हतो, त्याचं कारण हेच. ‘वंगण संपलंय’ हे वाक्य रुग्णाला फार घाबरवतं आणि ते बरोबरही नाही. झिजलेल्या गुडघ्यात बऱ्याचदा द्रव नेहमीपेक्षा जास्त असतो, त्यामुळेच तो फुगलेला दिसतो.

आजार कुठल्या भागात सुरू होतो त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. झीज कूर्चेत आणि तिच्याखालच्या हाडात असते. आमवात अस्तरात पेटतो. गाउटमध्ये यूरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या कण्याच्या आजारात स्नायुबंध आणि अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात ती जागा सुजते.

हात दाखवा

शरीरात हातांइतकं बोलकं दुसरं काही नाही. नखाजवळच्या शेवटच्या पेराचा सांधा बघा. तिथे दोन्ही बाजूंना हाडासारखे टणक गाठोळे आले असतील तर ती बहुतेक झीज. आई, मावशी, आजी यांच्या हातांनाही ते असतात. त्याच सांध्याला सूज आहे, पण नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत किंवा नख खालच्या कातडीपासून सुटल्यासारखं दिसतंय, तर डोक्यात, कानामागे, कोपरावर, बेंबीत सोरायसिसचे चट्टे आहेत का ते शोधा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखतं, बरणीचं झाकण उघडताना आणि कपडे पिळताना कळ येते, तर तीही झीजच.

मूठ वळल्यावर जे चार उंचवटे वर येतात ते सांधे आणि मनगट हे आमवाताचं आवडतं ठिकाण. मूठ वळा आणि उंचवट्यांमधल्या खळग्या दिसतात का पाहा. सूज असेल तर त्या भरून जातात. मग दुसऱ्या हाताने चारही उंचवटे बाजूंनी, हस्तांदोलन करताना दाबतो तितकेच, दाबा. तेवढ्यानं कळ आली तर दुर्लक्ष करू नका. पायाच्या बोटांच्या मुळाशीही हीच चाचणी करता येते. पुष्कळ जणांत आमवाताची पहिली खूण तिथे असते आणि ती ‘चप्पल टोचते’ म्हणून निघून जाते. नखाजवळचा शेवटचा सांधा मात्र आमवात सहसा सोडून देतो.

सूज हाताला कशी लागते तेही महत्त्वाचं. झिजेतली वाढ कडक, हाडासारखी असते. अस्तराची सूज मऊ असते, बोटाखाली दबते.

आता सकाळचा प्रश्न. ‘सकाळी आखडतं का?’ याला सगळेच हो म्हणतात. विचारायचं असं: उठल्यापासून किती वेळानं हात पूर्ण मोकळा होतो? वेणी घालणं, शर्टाची बटणं लावणं, नळ फिरवणं, कणीक मळणं हे नेहमीसारखं जमायला किती वाजतात? झिजेत साधारण अर्ध्या तासाच्या आत सांधा सुटतो, आणि मग दिवसभराच्या वापरानं संध्याकाळी दुखतो. आमवातात तासभर, कधी दुपारपर्यंत आखडलेपण राहतं, आणि हालचालीनं बरं वाटतं. विश्रांतीनं दुखणं कमी होतं की वाढतं, या एका उत्तरानं अर्धं निदान होतं.

शेवटचा प्रश्न वेळेचा. रात्री झोपताना ठीक होतं आणि पहाटे पायाचा अंगठा लालबुंद: गाउट किंवा जंतुसंसर्ग. काही आठवड्यांत दोन्ही हातांचे सांधे एकेक करून सुजत गेले आणि सहा आठवड्यांनंतरही उतरले नाहीत: आमवाताचा संशय धरा. वर्षानुवर्षं हळूहळू वाढलं: झीज.

आमवात: पहिले सहा महिने

हा आजार स्त्रियांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो, आणि बऱ्याचदा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे घर आणि नोकरी दोन्ही अंगावर असताना. स्वतःचीच प्रतिकारशक्ती अस्तरावर तुटून पडते. अस्तर जाड होतं आणि हाडाला कडेनं कुरतडू लागतं. ही कुरतड पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि झालेलं नुकसान परत भरून येत नाही. म्हणून मला ‘आधी घरगुती उपाय करून बघू’ हे इथे अजिबात मान्य नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत, उशिरात उशिरा सहा महिन्यांत, योग्य औषध पोटात जायला हवं. आर.ए. फॅक्टरच्या जोडीला अँटी-सी.सी.पी. ही रक्ततपासणी करा; ती पॉझिटिव्ह असेल तर निदान बरंच पक्कं होतं. ई.एस.आर. आणि सी.आर.पी. सूज किती आहे ते सांगतात, आजार कुठला ते नाही.

बहुतेकांचं पहिलं औषध मेथोट्रेक्सेट. याच्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण चांगलं औषध चुकीच्या पद्धतीने घेतल्यानं जीव गेलेले आहेत.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, आणि वेळीच कळलं नाही तर माणूस दगावतो. म्हणून प्रिस्क्रिप्शनवर वार मराठीत, पूर्ण अक्षरांत लिहून घ्या. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ही पट्टी ठेवू नका. आठवड्याचा डोस साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो. गोळ्या 2.5 पासून 10 मिलिग्रॅमपर्यंत आणि त्याहून मोठ्याही मिळतात. म्हणून ‘सहा गोळ्या’ असं लक्षात ठेवू नका, ‘15 मिलिग्रॅम’ असं ठेवा. दुकानदाराने 2.5 ऐवजी 10 ची पट्टी दिली आणि तुम्ही सवयीने सहा घेतल्या, तर 60 मिलिग्रॅम पोटात जातील.

फॉलिक अ‍ॅसिड, बहुधा 5 मिलिग्रॅम, वेगळ्या दिवशी घ्यायचं असतं. त्यानं मळमळ आणि तोंड येणं कमी होतं. ती ‘ताकदीची गोळी’ समजून टाळू नका. तरीही मळमळत असेल तर डोस रात्री जेवणानंतर घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर तोच डोस त्याच दिवशी दोन भागांत विभागून देतात, किंवा कातडीखालच्या इंजेक्शनवर नेतात. ठरलेला वार चुकला तर दोन दिवसांत घेता येतो. त्यानंतर तो आठवडा सोडून द्यायचा, पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही.

सुरू करण्यापूर्वी आणि नंतर रक्ततपासणी लागते: सी.बी.सी. (रक्तपेशी), एस.जी.पी.टी. (यकृत) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड). पहिले तीन महिने दर दोन-चार आठवड्यांनी, नंतर दोन-तीन महिन्यांनी. क्रिएटिनिन कशाला, असा प्रश्न पडतो. औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलं तर तोच डोस विषारी ठरतो. म्हणूनच जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल किंवा ताप असेल, तर त्या आठवड्याचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं तिथेच सांगा. ही जोडी धोकादायक आहे. दारू नको. मूल हवं असेल तर स्त्रियांनी काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यायचं, आणि तोपर्यंत गर्भनिरोधन चुकवायचं नाही. कोरडा खोकला आणि धाप नव्याने सुरू झाली तर वाट बघत बसू नका.

सगळ्यात जास्त उपचार कुठे फसतात ते सांगतो. मेथोट्रेक्सेटचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर दुखणं सुसह्य व्हावं म्हणून सोबत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा छोटा डोस देतात, तो दोन दिवसांत काम करतो. रुग्णाच्या अनुभवात एक गोळी लगेच आराम देते आणि दुसरी फक्त मळमळ. साहजिकच तो दुसरी सोडतो आणि पहिली चालू ठेवतो, तीही दुकानातून परस्पर. व्हायला हवं नेमकं उलट: स्टेरॉइड काही आठवड्यांत कमी करत बंद, मेथोट्रेक्सेट चालू. हे पहिल्याच भेटीत कुणी नीट समजावलं तर कितीतरी हात वाकडे होण्यापासून वाचतील.

तीन महिन्यांत फरक दिसला नाही किंवा सहा महिन्यांत सूज जवळजवळ गेली नाही, तर औषध वाढवायचं किंवा जोडायचं असतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासालाझिन, लेफ्लुनोमाइड ही जुनी आणि परवडणारी औषधं आहेत. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा रोजचा डोस वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा, पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासावा. महागड्या बायोलॉजिक इंजेक्शनांआधी छाती आणि क्षयरोगाची तपासणी आपल्याकडे टाळताच येत नाही. अंगात निजलेला क्षय या औषधांनी उठतो.

आणि पथ्य. दही, लिंबू, टोमॅटो, चिंच सोडल्याने आमवात बरा होत नाही. आंबटानं सांधे सुजतात याला पुरावा नाही. आधीच अशक्त बाईचं दही बंद केलं की तिचं कॅल्शियम आणि प्रथिनं तेवढी कमी होतात. काही बंद करायचंच असेल तर धूम्रपान बंद करा. त्यानं आजार जडण्याची शक्यता वाढते आणि जडल्यावर औषधाचा गुणही कमी येतो.

गाउट आणि यूरिक अ‍ॅसिडचा बागुलबुवा

गाउटचा झटका एकदा आलेला माणूस तो विसरत नाही. रात्री किंवा पहाटे, बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, बारा ते चोवीस तासांत दुखणं टोकाला जातं. पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. उपचार न करताही आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं, आणि म्हणूनच माणूस फसतो. पुरुषांत जास्त, स्त्रियांत पाळी गेल्यानंतर. रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बिअर, गोड शीतपेयं, मूत्रपिंडाचा आजार ही नेहमीची कारणं.

रक्तात यूरिक अ‍ॅसिड 6.8 च्या वर गेलं की स्फटिक जमू शकतात. जमतीलच असं नाही. ते वाढलेल्या बहुतेकांना कधीच गाउट होत नाही. त्यामुळे झटका कधी आला नसेल तर नुसत्या आकड्यासाठी गोळी घेऊ नये. दुसरीकडे, भर झटक्यात हाच आकडा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून झटका उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. खात्रीचं निदान सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक दिसल्यावर होतं.

झटक्याचं औषध वेगळं, यूरिक अ‍ॅसिडचं वेगळं. झटक्यात कोल्चिसिन (1 मिलिग्रॅम, तासाभराने आणखी अर्धा), नाहीतर सूज उतरवणारी गोळी, नाहीतर थोडे दिवस स्टेरॉइड; मूत्रपिंड आणि पोट बघून डॉक्टर निवड करतात. जितक्या लवकर तितकं बरं, पहिल्या दिवशी तर फारच. जुन्या पद्धतीने जुलाब लागेपर्यंत कोल्चिसिन घेत राहायचं नसतं. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबरोबर तर ते घेऊच नका.

वर्षात दोन किंवा जास्त झटके, कातडीखाली खडूसारखे खडे किंवा मुतखडे असतील तर अ‍ॅलोप्युरिनॉल लागतं. सुरुवात 100 मिलिग्रॅमने, मूत्रपिंड कमजोर असेल तर 50 ने. मग दर काही आठवड्यांनी वाढवत यूरिक अ‍ॅसिड 6 च्या खाली आणायचं. रुग्ण इथे हमखास दोन ठिकाणी अडखळतो. गोळी सुरू केल्यावर जुने स्फटिक विरघळू लागतात आणि झटके वाढू शकतात. त्यासाठी पहिले तीन ते सहा महिने रोज कोल्चिसिन 0.5 मिलिग्रॅमचं कवच देतात. ते दिलं नाही की रुग्ण ‘गोळीनंच वाढलं’ म्हणून सोडून देतो. आणि चालू असलेली गोळी झटका आला म्हणून थांबवायची नसते. अंगावर पुरळ उठलं तर मात्र त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांकडे जा. अ‍ॅलोप्युरिनॉलचं पुरळ क्वचित जिवावर बेततं.

खाण्यात कलेजी-गुर्दा, तारली-बांगडा, कोळंबी कमी, बिअर बंद. डाळी, पालक, मटार, फ्लॉवर यांनी गाउटचा धोका वाढत नाही. शाकाहारी माणसाची तूरडाळ बंद करून काहीही साधत नाही.

गुडघ्याची झीज

इथे सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे ‘चालणं बंद करा’. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा भार उचलतो. माणूस बसून राहिला की तो बारीक होतो आणि सगळा भार सांध्यावर येतो.

खुर्चीवर बसा, पाय गुडघ्यातून सरळ करा, पंजा आपल्याकडे ओढा, पाच ते दहा सेकंद धरा, सावकाश खाली. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. झोपून एक पाय वाकवा, दुसरा सरळ ठेवून फूटभर उचला, पाच सेकंद धरा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा. दोन-तीन आठवड्यांनी सोपं वाटू लागलं की घोट्याला अर्धा किलोचं वजन बांधा. नियम साधा आहे: व्यायामानंतरचं वाढलेलं दुखणं दोन तासांत उतरायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं तर संख्या निम्मी करा, व्यायाम सोडू नका. फरक सहा ते आठ आठवड्यांनी जाणवतो, त्याआधी नाही. पुष्कळ जण तिसऱ्याच आठवड्यात थांबतात.

एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची. उंची मनगटाच्या घडीपर्यंत. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मांडी घालणं, उकिडवं बसून फरशी पुसणं, भारतीय पद्धतीचं शौचालय या तिन्हींत गुडघा पार दुमडतो. कमोड, लांब दांड्याचा मॉप आणि देवपूजेला खुर्ची, एवढ्या बदलांनी गोळ्या निम्म्या झालेल्या दिसतात.

एक्स-रे काढायचा तर उभ्याने, दोन्ही गुडघ्यांचा एकत्र. आडवं झोपवून काढला तर भार नसतो आणि सांध्यातलं अंतर खोटंच चांगलं दिसतं. साठीनंतर एम.आर.आय.मध्ये गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटलेली दिसणं फार सामान्य आहे, न दुखणाऱ्या गुडघ्यांतही. झिजलेला गुडघा दुर्बिणीने ‘साफ’ करण्याचा फायदा होत नाही, हे 2002 पासून चाचण्यांत दिसलेलं आहे. ग्लुकोसामिनवर महिन्याला पैसे घालवण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टच्या चार भेटी कितीतरी उपयोगी. दुखऱ्या जागी डायक्लोफेनॅक जेल दिवसातून तीन-चारदा लावणं हे पोटातल्या गोळीपेक्षा सुरक्षित. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी स्वतःहून रोज घेऊ नयेत.

हे सगळं करूनही रात्री झोप येत नसेल आणि घराबाहेर पडणं बंद झालं असेल तर सांधेबदल जरूर करावा. बहुतेकांना तो पंधरा-वीस वर्षं, आणि पुष्कळांना त्याहून जास्त, साथ देतो. 2017 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा आणली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी ती कर सोडून 54,720 रुपये ठरली होती. बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवून मागा आणि त्याचा स्टिकर कागदपत्रांत चिकटवून घ्या.

बाकीचे, पण विसरू नयेत असे

पंचविशीतल्या तरुणाची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखते, पहाटे जाग येते, हिंडल्या-फिरल्यावर बरं वाटतं, कधी डावा कुल्ला तर कधी उजवा: ही ‘गादी सरकली’ नसून अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. मध्येच एक डोळा लाल होऊन दुखला असेल तर संशय आणखी वाढतो. कमरेच्या खालच्या सॅक्रोइलिअ‍ॅक सांध्यांचा एम.आर.आय. लागतो. एच.एल.ए.-बी 27 या जनुकाची रक्ततपासणी नुसती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार नव्हे.

चिकुनगुन्या 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत येऊन गेला आणि मग तीस वर्षांहून अधिक काळ देशात त्याची मोठी साथ आली नाही. 2005-06 मध्ये परतला तो आता राहायलाच आला आहे. ताप चार दिवसांचा, सांधे महिनोन्‌महिने. तापाच्या दिवसांत डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्या. सूज तीन महिन्यांपुढे राहिली तर संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, गाठा.

ए.एस.ओ. टायटर वाढणं म्हणजे घशाला कधीतरी स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग झाला होता, इतकंच. ऱ्हुमॅटिक फीवर मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आजार. सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते, आणि खरा धोका हृदयाच्या झडपांना असतो. अशा मुलाचं दर 21 दिवसांचं पेनिसिलिन एकदाही चुकवू नये. पन्नाशीच्या माणसाला गुडघेदुखीसाठी हीच इंजेक्शनं देण्याला काही अर्थ नाही.

एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला, हलवता येत नाही, सोबत ताप: त्याच दिवशी रुग्णालय. जंतुसंसर्ग असेल तर कूर्चा काही दिवसांत नष्ट होते. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी सांध्यातलं पाणी काढून कल्चरला पाठवायला सांगा. आधी औषध दिलं तर जंतू सापडत नाहीत. मधुमेही आणि कृत्रिम सांधा असलेल्यांनी जास्तच सावध राहावं. एकच सांधा महिनोन्‌महिने हळूहळू सुजत असेल, वरचा स्नायू बारीक होत असेल, तर क्षयरोग डोक्यात ठेवा आणि तपासणीआधी त्या सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका.

पुडीतलं औषध

‘देशी जडीबुटी’ म्हणून मिळणारी नाव नसलेली पावडर किंवा गोळी दोन दिवसांत चमत्कार करते, तेव्हा तिच्यात बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटतं, हातपाय काटकुळे होतात, कातडी पातळ होऊन निळे डाग पडतात, साखर आणि रक्तदाब वाढतात, हाडं ठिसूळ होतात. हे लक्षात आलं की घरचे रागाने पुडी फेकून देतात, आणि ते आणखी धोक्याचं आहे. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं थांबलेलं असतं. एकदम बंद केल्यास उलट्या, ग्लानी, रक्तदाब कोसळणं इथवर जातं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती महिने घेतली ते खरं सांगा. ते मोजक्या डोसची प्रेडनिसोलोन देऊन आठवड्या-आठवड्याने ती उतरवतील.

तज्ज्ञाकडे जाताना सांधा सुजलेला असतानाचे फोटो न्या, कारण भेटीच्या दिवशी तो उतरलेला असू शकतो. दुखणं कुठल्या महिन्यात, कुठल्या सांध्यात सुरू झालं आणि पुढे कुठे गेलं हे चार ओळींत लिहा. सकाळी मोकळं व्हायला किती मिनिटं लागतात ते आठवडाभर नोंदवा. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, तेलं, काढे, पुड्या एका पिशवीत भरून न्या. सोरायसिस, डोळा लाल होणं, तोंडातले फोड, केस गळणं, उन्हात चेहऱ्यावर उठणारं पुरळ, घरात कुणाला असा त्रास, हे विचारायच्या आधीच सांगा. आणि वेदनाशामक घेत असाल तर भेटीआधीचा दिवस-दीड दिवस न घेता जाता येईल का ते फोन करून विचारा, म्हणजे सूज आहे तशी हाताला लागेल. स्टेरॉइड किंवा पुडी मात्र यासाठी बंद करू नका.